बसकी गाडी घरच्या अंगणात उचलायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी मुंबईत, घर गुहागरजवळ. जुनी पोर्शे बॉक्सटर घेतलीत, २००९ सालची. गाडी गावीच ठेवता आणि इंजिन ऑइल, ब्रेक पॅड ही कामं घरी करायची हौस आहे. बाजारातून आणलेला साधा ट्रॉली जॅक गाडीखाली शिरत नाही. अंगणात जांभ्याची फरसबंदी, थोडा उतार. शेजारचे काका म्हणाले, "चार चिरे लाव की, आम्ही अँबॅसिडर तशीच उचलायचो." तर करावं काय?

सगळ्यात आधी काकांचे चिरे काकांच्या गडग्यावर परत ठेवून या.

हे चेष्टेने म्हणत नाही. चिरा भिंतीत असतो तेव्हा तो पूर्ण अंगावर भार घेतो, म्हणून आपली घरं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. गाडीखाली त्याच्यावर भार येतो तो चार बोटांच्या जागेत. जांभा मुळात भोकाभोकांचा दगड. आत मातीचा गोळा कुठे बसलाय ते बाहेरून दिसत नाही. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर त्याहून फसवे. मी शिकाऊ होतो तेव्हा रत्नागिरीत एका पद्मिनीखाली आम्ही असेच दोन चिरे लावले होते. सायलेन्सर काढत होतो. सतराचा पाना हवा होता म्हणून सरपटत बाहेर आलो, हात पान्याच्या डब्यात घातला आणि मागे 'खट्' असा एकच आवाज झाला. सुपारी फुटावी तसा. काढलेलं चाक वस्तादांनी सवयीने गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर टेकली. चिऱ्याचा तांबडा भुगा माझ्या चपलांवर उडाला होता. त्या दिवशी वस्ताद काही बोलले नाहीत, मला चहा आणायला पाठवलं. चाक काढलं की ते गाडीखाली सरकवायचं, ही सवय मला तेव्हापासून आहे. तुम्हीही लावून घ्या.

पुढे मिरकरवाड्यात होड्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या सुताराला हे सांगितलं. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि त्यांचे टेकू हाच माणूस लावायचा. तो म्हणाला, "लाकूड मोडायच्या आधी कुरकुरता. दगड सांगत नाय." गॅरेजमध्ये तीस वर्षं काढून मला यात बदल करण्यासारखं काही सापडलेलं नाही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे. बसक्या गाडीचा मालक आला की त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: जॅक आत शिरेल का? ती अडचण सोपी आहे, पैसे टाकले की सुटते. साध्या ट्रॉली जॅकची खालची उंची तेरा-चौदा सेंटिमीटर असते. बसक्या गाड्यांसाठी वेगळे जॅक मिळतात, ते साडेसात-आठ सेंटिमीटरवर येतात. तसा एक घ्या, दोन टनी किंवा अडीच टनी, लांब दांड्याचा. दांडा आखूड असला की तो पुढच्या बंपरला अडकतो आणि पंप मारायला जागाच राहत नाही.

माणसं जायबंदी होतात ती मात्र जॅक आत शिरल्यानंतर. जॅक वर जाताना काय करतो आणि तो कशावर उभा आहे, या दोन गोष्टींकडे बघायचं राहून जातं.

रिकामा जॅक अंगणात ठेवा. वाटीला, म्हणजे जॅकचा जो भाग गाडीला टेकतो त्याला, दोरीने एक नट लटकवा, ओळंब्यासारखा. तो टेकतो तिथे खडूने खूण करा आणि जॅक हलू न देता पंप मारा. नट आधी थोडा पुढे जाईल आणि मग तुमच्याकडे, दांड्याकडे येत राहील. जॅकचा हात मागे एका खिळीवर फिरतो, म्हणून वाटी सरळ वर जात नाही, कमान काढत जाते. पुढच्या टोकापासून पूर्ण वर जाईपर्यंत हा फरक दहा-बारा सेंटिमीटर सहज भरतो. गाडी जागची हलत नाही, तेव्हा हा फरक जॅकलाच भरून काढावा लागतो: त्याने स्वतःच्या चाकांवर गाडीखाली सरकायचं असतं. गॅरेजच्या गुळगुळीत कोब्यावर तो गुपचूप सरकतो, कोणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या अंगणात काय होईल? जॅकचं बारकं लोखंडी चाक दोन चिऱ्यांच्या सांध्यात बसेल. जॅक अडकला की दोनच गोष्टी होऊ शकतात: एक तर गाडी जॅककडे ओढली जाते, नाहीतर वाटी पॉइंटवरून, म्हणजे गाडी उचलायच्या ठरलेल्या जागेवरून, घसरते. दुसरी गोष्ट झाली की बॉक्सटरच्या दाराखालच्या कडेची दुरुस्ती हा वेगळा खर्च, आणि तुम्ही आत असाल तर तो विचार करायचीही गरज नाही.

म्हणून उचलताना दर चार-पाच पंपांनी थांबायचं आणि जॅकच्या पुढच्या चाकांकडे बघायचं. ती हलली नसतील तर पुढे पंप मारायचा नाही. खाली घ्या, जागा साफ करा, पुन्हा सुरुवात.

आता जमीन. आपल्याकडची फरसबंदी बहुतेक वेळा मातीवर बसवलेली असते, खाली पीसीसी, म्हणजे साधं सिमेंट काँक्रीट, नसतं. चार महिने पाऊस झिरपला की चिऱ्यांखाली पोकळी होते. वरून चालताना काही कळत नाही. एक हिशेब करून दाखवतो. तुमची गाडी पेट्रोलसकट अंदाजे १४०० किलो धरा. इंजिन मधोमध पण मागच्या बाजूला, म्हणून मागच्या चाकांवर निम्म्याहून जास्त भार, ७७० किलोच्या आसपास. उचललेली गाडी ज्या लोखंडी स्टँडवर टेकवून ठेवतात ती घोडी. म्हणजे मागच्या एका घोडीवर ३८५ किलो. घोडीचे चारही पाय मिळून जमिनीला टेकतात ते समजा २० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १९ किलो झाले. ओल्या तांबड्या मातीत किंवा पोकळ चिऱ्यावर हे चालत नाही. आता त्याच घोडीखाली ३० बाय ३० सेंटिमीटरचा जाड पाट टाका: ९०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोही नाही. तोच भार, तीच जमीन, फक्त पाय पसरला.

पाटासाठी १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, होड्यांचं काम चालतं तिथे तुकडे स्वस्तात मिळतात. घोडीखाली दोन थर चिकटवून. जॅकखाली मात्र नुसता प्लाय नको, त्यात जॅकची चाकं रुतून बसतात आणि आपण पुन्हा तिथेच येतो. चार फूट लांब प्लायवर ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा ठोका. त्यावर जॅक लोण्यासारखा सरकतो.

चाणाक्ष माणूस इथे विचारेल, की पाटामुळे जॅकच दोन सेंटिमीटर वर आला, मग शिरणार कसा? बरोबर. म्हणून गाडी आधी फळ्यांवर चढवायची. चार फळ्या, ऐन किंवा साग, ४५ मिलिमीटर जाड, फूटभर रुंद, अडीच फूट लांब. आंब्याच्या पेट्यांचं लाकूड नको, ते हलकं आणि भुसभुशीत. पुढचं टोक सुताराकडून लांब तिरकं तासून घ्या, म्हणजे बंपरची ओठाळी घासत नाही. शेवटाला एक आडवी पट्टी ठोका, म्हणजे चाक पलीकडे उतरत नाही. खालच्या बाजूला जुन्या ट्यूबचं रबर लावा. तुमची गाडी मागच्या चाकांवर चालते, जोरात रेस दिलीत तर मागची चाकं फळी तोफेच्या गोळ्यासारखी मागे फेकतात. मागे कोणी उभं राहायचं नाही. चारही फळ्या आधी लावून, क्लचवर हळूहळू, एकाच दमात चारही चाकं चढवा. एवढ्यानेच गाडी साडेचार सेंटिमीटर वर आली आणि अजून जॅकला हातही लावलेला नाही. पत्रा आणि प्लायचे दोन सेंटिमीटर वजा करा, तरी दोनाहून जास्त तुमच्या खात्यात उरले.

उताराबद्दल माझा नियम कडक आहे. अंगणात सुपारी ठेवा. घरंगळली तर तिथे गाडी उचलायची नाही. जास्त शास्त्रशुद्ध हवं असेल तर गवंड्याची पाण्याची नळी लावा. दीड मीटरला दीड सेंटिमीटर इथपर्यंत मी चालवून घेतो, त्यापुढे नाही. कोकणात सपाट जागा मिळणं कठीण हे मलाही कळतं, पण सुपारी वाळत घालायचं खळं बहुतेक घरी असतं. ते सपाट असतं आणि त्याला कोबाही असतो. आजीची परवानगी काढा.

हँडब्रेकवर किती विसंबायचं? बॉक्सटरमध्ये तो मागच्या चाकांवर आहे. मागची चाकं उचललीत की तो शून्य. गिअरमध्ये ठेवली म्हणून निश्चिंत होणारेही खूप. पण साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारे दाते) मागचं एक चाक जरी हवेत गेलं तरी ते उलटं फिरून दुसऱ्या चाकाला मोकळं सोडतं. गिअर कितीही घट्ट असो. त्यामुळे जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी, ठोकून बसवलेल्या. फळीवर चाक असेल तर पाचर फळीलाच स्क्रूने आवळा. हाताशी आलेला दगड किंवा नारळाची करवंटी लावू नका. हसू नका, मी दोन्ही बघितलं आहे.

कुठे उचलायची, हे गाडीची पुस्तिका सांगते आणि तिथे माझं किंवा इंटरनेटवरच्या कुणाचंही मत चालत नाही. बॉक्सटरला चार ठरलेल्या जागा आहेत, दोन्ही बाजूंना पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे. गाडीखाली डोकावलंत तर प्लास्टिकची आवरणं, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, इंजिनचा चेंबर असं बरंच सपाट-सपाट दिसेल. सपाट दिसलं म्हणून ते जॅकसाठी नसतं. एकदा गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म माझ्याकडे आली होती, छोटी दोन आसनी, रेनॉचं इंजिन. अंग सगळं फायबरचं. मी घाईत जॅक चार बोटं बाहेर लावला आणि दाराखालची कड पापडासारखी तडकली. चूक माझी, भरपाईही माझी. तेव्हापासून मी उचलण्याच्या जागांवर आधी खडूने फुली मारतो, वरून दिसेल अशी बाणाची खूणही दारावर चिकटपट्टीने करतो. वाकून जॅक आत ढकलताना बाणाच्या रेषेत ठेवायचा, एवढंच.

वाटी आणि गाडी यांच्यामध्ये रबराची जाड चकती हवी. ट्रकच्या जुन्या टायरमधून कापलेलीही चालते, मात्र तार बाहेर आलेली नको. सांध्याची पत्र्याची पट्टी असलेल्या गाड्यांना चकतीत खाच लागते, नाहीतर पट्टी वाकते.

यानंतर येतो तो पेच, ज्यात घरी काम करणारे हमखास अडकतात. जॅक ज्या जागेवर लावला तीच जागा घोडीची. मग घोडी कुठे लावणार? काही जण जॅक आत कुठेतरी इंजिनखाली लावतात आणि घोडी पॉइंटवर. ते करू नका. बॉक्सटरचं अंग ताठ असल्यामुळे मागच्या पॉइंटवर उचललं की थोड्या वेळाने त्याच बाजूचं पुढचं चाकही जमीन सोडतं. त्या वेळी पुढच्या पॉइंटखाली घोडी सरकवता येते, पण मागचा पॉइंट जॅकच्याच ताब्यात राहतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे आडव्या दांड्याची घोडी. दांडा जॅकच्या वाटीवर बसतो, त्याच्या मधोमध रबराची गादी असते. दांड्यासकट गाडी उचलायची, मग दांड्याच्या दोन्ही टोकांना पाय लावून त्यात खिळी घालायच्या आणि जॅक हळूच उतरवून काढून घ्यायचा. गाडी त्याच पॉइंटवर घोडीवर बसते. बाहेरून मागवावी लागते, महाग आहे, पण चार घेतल्या तर आयुष्यभराचं काम. आमच्याकडच्या फॅब्रिकेटरकडून 'तश्शीच' बनवून घ्यायचा मोह होईल. वेल्डिंगवर तुमचा जीव टांगायचा आहे हे लक्षात ठेवून ठरवा. मी स्वतः बनवून घेतलेली नाही.

नेहमीच्या दात्यांच्या घोड्या घेणार असाल तर आडवी खिळ असलेल्याच घ्या. २०२० साली अमेरिकेत दात्यांच्या घोड्यांचे लाखो नग परत मागवावे लागले, कारण कुत्रं, म्हणजे दात्यात अडकणारी खुंटी, दात्यात पूर्ण बसत नव्हतं आणि घोडी भाराखाली खाली येऊ शकत होती. आरपार खिळ असेल तर दाता सुटला तरी घोडी उभी राहते. दुसरं, घोडीची कमीत कमी उंची बघा. सहा टनी घोडी घेऊन येणारा गिऱ्हाईक मला दरवर्षी भेटतो. तेवढी उंच घोडी घालायची तर बसकी गाडी एका बाजूला इतकी कलते की दुसऱ्या बाजूची पाचरच सुटते. दोन किंवा तीन टनी, बुटकी घोडी पुरते. एका बाजूने एकदम पूर्ण उचलू नका: डावीकडे दोन दाते, मग उजवीकडे दोन, पुन्हा डावीकडे. वेळ जातो, जाऊ दे.

छत उघडणारी गाडी आहे, तर उचलण्याआधी दारं आणि डिकी बंद करा आणि गाडी वर असेपर्यंत उघडू नका. पुढचं झाकण किंवा इंजिनपर्यंत जायची वाट लागणार असेल तर ती आधीच मोकळी करून ठेवा.

चारही घोड्या बसल्या की गाडीखाली जाण्याआधी बाजूला उभे राहून खांद्याने गाडी ढकला. दमदार ढकला, बैल ढकलावा तसा. हलली, कुरकुरली, घोडीचा एक पाय उचलला गेला, तर ती आत्ता पडलेली बरी, तुम्ही बाहेर असताना. जॅकही काढून न नेता पॉइंटजवळ हलका टेकवून ठेवा, भार न घेता. काढलेली चाकं कडेखाली आडवी. आणि घरात कुणाला तरी सांगा की मी गाडीखाली आहे, दर दहा मिनिटांनी हाक मारा. भर दुपारी घर झोपलेलं असताना एकट्याने हे काम करू नका.

आता थोडा वेगळा सल्ला, जो तुम्ही मागितला नाहीत. ब्रेक पॅडसाठी गाडीखाली जायचंच नाही. एका वेळी एक कोपरा उचला, घोडी लावा, चाक काढा, बाहेर बसून पॅड बदला. त्यासाठी चारही चाकं हवेत नेण्याची हौस कशाला? चारही कोपरे सपाट उचलायचं कारण फक्त ऑइल, कारण गाडी कललेली असली की चेंबरमधलं जुनं तेल पूर्ण निथळत नाही. वर्षातून एकदाच तर ते लागतं. तेवढ्यासाठी दोन चौकटींची फिरती लिफ्ट मिळते, मिटलेली असताना साडेसात-आठ सेंटिमीटर उंच, वीजपंपावर चालते आणि वर गेली की यांत्रिक कुलूप बसतं. कोब्यावर ती सगळ्यात निर्धास्त. पण चिऱ्यांच्या अंगणात तिलाही सपाट, भक्कम जमीन मिळत नाही. आधी कोबा, मग लिफ्ट.

कोणी तुम्हाला खड्डा खणायला सांगेल, एसटीच्या डेपोत असतो तसा. आपल्याकडे जुलैत त्यात बेडूक पोहतील हा एक भाग. दुसरा जास्त वाईट: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून साचते आणि हलत नाही. घरच्या खड्ड्यात पंखा नसतो, दिवा मात्र लावलेला असतो.

जॅकची निगा हा खाऱ्या हवेतला आणखी एक विषय. जॅकचा चकाकता दट्टा नेहमी पूर्ण आत ठेवून जॅक उभा करा. बाहेर राहिला तर दोन पावसाळ्यांत त्यावर गंजाचे बारीक खड्डे पडतात, ते आतलं सील कापतात आणि मग जॅक भाराखाली हळूहळू बसू लागतो. नवीन जॅकवर गाडी उचलून घोडी न लावता दहा मिनिटं बघा, अर्थात खाली न जाता. खडूच्या खुणेपासून वाटी खाली आली तर परत करा. तेल कमी पडलं तर हायड्रॉलिक तेलच घाला. ब्रेक ऑइल घालणारे महाभाग आहेत, ते सील फुगवून खातं. पंप मारला तरी जॅक मऊ लागत असेल तर सोडायची चावी उघडून रिकामे आठ-दहा पंप मारा, हवा निघून जाते.

उतरवताना घाई होते, कारण काम संपलेलं असतं आणि पोटात भूक असते. चावी पाव फेरा उघडा, पूर्ण नाही. गाडी खाली येते तेव्हा चाकं थोडी बाहेर पसरतात आणि जॅकला उलट दिशेने, गाडीबाहेर सरकावं लागतं. पत्र्यावरचा मातीचा खडाही त्याला अडवतो, म्हणून आधी झाडून घ्या. चाकांचे बोल्ट गाडी वर असताना हाताने, ताऱ्यासारखे आलटून-पालटून लावा आणि शेवटचा ताण गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने द्या. पोर्शेच्या वेगवेगळ्या मॉडेलांना तो वेगळा आहे, १३० न्यूटन मीटर काहींना, १६० काहींना. तुमच्या पुस्तिकेतला आकडा बघून पान्यावर बसवा. गुहागरहून चिपळूणपर्यंत एक फेरी मारून आलात की थंड झाल्यावर एकदा पुन्हा तपासा.